नाक आणि वजरी

वजरी ही टाचेला लावायची वस्तू आहे. भेगा पडलेल्या, जाड झालेल्या टाचेला. नाकाला लावायची नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या आईला आयुष्यात कुणी कधी सांगितलीच नाही का, या विचारानं त्या रविवारी माझं टाळकं असं फिरलं, की हातातली भाजीची पिशवी मी दारातच टाकली. टोमॅटो घरंगळत जिन्यापर्यंत गेले. गेले तर गेले.

नल्लकुंट्याच्या बाजारातून मी घरी येत होते. नवरा विजयवाड्याला बदलीवर, त्यामुळे घरात आम्ही तिघीच, आई, मी आणि माझी नववीतली लेक. दार नुसतं लोटलेलं होतं. दारालगतच्या न्हाणीघरातून लेकीचा आवाज येत होता, "आजी नक्को, जळायलंय, नक्को ना!" आणि त्याच्यावर आईचा, "झालं माय झालं, इतकंसंच राह्यलंय." मी आत डोकावले. पोरगी पाटावर बसलेली, मान वर, डोळे घट्ट मिटलेले. आणि माझी सत्तरी ओलांडलेली आई एका हातानं तिची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं तिच्या नाकावर वजरी फिरवत होती. वडिलांनी कधीतरी नामपल्लीच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या प्रदर्शनातून आणलेली, एका बाजूनं झिजलेली काळी वजरी. पोरीच्या नाकाचा शेंडा सोलून निघाला होता आणि रक्ताचा ओघळ वरच्या ओठापर्यंत आला होता.

मी वजरी हिसकावून घेतली आणि बादलीत भिरकावली.

"अगं काय चाललंय काय? रक्त आलंय तिला! डोळे फुटले का तुझे?"

"मळ निघायचा म्हणल्यावर जरासं रक्त येतंच," आई म्हणाली. ती मला काडीची भीत नाही.

"मळ? मळ म्हणे! पोरगी काय कढई आहे का, घासून चकचकीत करायला?"

"मग काय हाय ते? काळं काळं दिसायलंय का न्हाई? मळच की."

दिसायला काळं होतं खरं. नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही बाजूंच्या खाचांत, थोडं हनुवटीवर, बारीक बारीक काळे ठिपके. या वयात सगळ्या जगाच्या पोरापोरींना येतात तसेच. बाकीचं जग त्यांना ब्लॅकहेड्स म्हणतं आणि दुकानात जाऊन एखादी ट्यूब घेऊन येतं. आमच्या घरात मात्र त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव आहे.

पोरीला मी बाहेर आणून पंख्याखाली बसवलं. ओल्या कापडानं रक्त टिपलं, रुमालात बर्फ गुंडाळून दिला. ती रडत नव्हती, नुसती बसली होती, आणि तेच मला जास्त लागत होतं. मी म्हटलं, "अगं, तू इतकी मोठी झालीस, आजीचा हात धरता येत नव्हता? का बसलीस तिच्यापुढे?"

"मीच सांगितलं आजीला," ती म्हणाली. "काढ म्हटलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी शाळेत नखं, बूट, वेण्या तपासत होते. तपासणारी बाई हिच्यापाशी थांबली, हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "ये क्या है नाक पे? मुँह नहीं धोते क्या तुम्हारे घर में?" वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "मैली नाक" म्हणालं, आणि शाळा सुटेपर्यंत तिचं तेच नाव पडलं. मी बँकेत होते, म्हणून घरी आल्यावर तिनं ते आजीला सांगितलं. मला काहीच सांगितलं नव्हतं. रात्री ती नीट जेवली नाही तेव्हा मला वाटलं, बाहेर काहीतरी खाऊन आली असेल.

"मला टीसी काढून दे," ती बर्फाच्या रुमालाआडून म्हणाली. "मी त्या शाळेत जात नाही. कुठंच जात नाही."

ही तापातसुद्धा शाळेत जाणारी पोरगी. पाऊस पडून रस्त्यात गुडघाभर पाणी असलं तरी बूट हातात घेऊन जाणारी. ती मान खाली घालून सांगत होती, जात नाही. आणि तिच्या आवाजात रुसवा नव्हता, नाटक नव्हतं. तिनं ठरवून टाकलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवार होता म्हणून ती बाई वाचली, नाहीतर मी त्याच पावली शाळेत गेले असते. ती सापडली नाही तेव्हा जी सापडली तिच्यावर मी घसरले. बाईनं म्हटलं घाण आहे, आणि माझ्या आईनं काय केलं? बाईचं खरं मानलं आणि पोरीला सोललं! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी आईला नाही नाही ते बोलले. ती भाजी निवडायला बसली. पिशवीतले उरलेले टोमॅटो पुसून पुसून एका रांगेत मांडत होती. एवढं बोलून घेऊनही तिचं आपलं एकच, "उद्या सकाळी येकदा हलकंसं घासलं की साफ होईल बघ."

आता हे स्वच्छतेचं वेड काय आहे, ते सांगते. माझे वडील नांदेडकडून इथं सरकारी कचेरीत नोकरीला आले. घरात दुसरं काही असो नसो, इस्त्री होती. वडिलांचा शर्ट पांढरा, त्याची कॉलर कडक. रविवारी विहारात जाताना आईची साडी इतकी पांढरी की उन्हात डोळे दिपावेत. आमची नखं कापलेली, कान पुसलेले, वेण्या अशा ताणून घातलेल्या की भुवया वर जायच्या. आणि दाराबाहेर पडताना वडिलांचं एक वाक्य ठरलेलं, "आपल्याकडं कुणी बोट दाखवायला नको." कोण दाखवणार, कशासाठी दाखवणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. ज्यांना ते वाक्य घरी ऐकावं लागतं त्यांना ते समजतंच.

आमच्याच मजल्यावर पुण्याहून आलेल्या एक बाई राहतात. नवरा आयटीत, स्वतःही लॅपटॉपवाल्या. वाईट नाहीत, डब्यातून काही ना काही पाठवतात. पण एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ओट्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "तुम्ही लोक किती स्वच्छ राहता हो!" तुम्ही लोक! कोण लोक? मी तोंडावर हसले आणि चहात साखर टाकली. त्यांच्या स्वतःच्या नाकावर माझ्या लेकीपेक्षा जास्त ठिपके आहेत, अगदी मोहरी पेरल्यासारखे. पण त्यांना कुणी विचारत नाही, घरी तोंड धुता का म्हणून. त्यांच्या नाकावर असतात ते ब्लॅकहेड्स. आमच्या नाकावर असतो तो मळ. हा माझा राग आहे, आणि तो मी कुणासाठी गिळणार नाही.

आईवरचा राग तर जुनाच. माझं नाकही तिनं याच वजरीनं घासलं आहे. दर रविवारी, वयात आल्यापासून लग्न होईपर्यंत. आधी बेसन आणि लिंबू, मग वजरी, आणि मग नाक चरचरायला लागलं की वरून खोबरेल तेलाचं बोट. तेलानं थंड वाटायचं. दोन दिवसांनी ठिपके पहिल्याहून जास्त. मग पुढच्या रविवारी आणखी जोरात. वर बोलणी वेगळी, "तू तोंड नीट धुतच न्हाईस." धुवत होते हो! दिवसातून चारदा कपड्यांच्या साबणानंसुद्धा धुवून पाहिलं. चेहरा ताणून फाटायची वेळ यायची आणि नाक संध्याकाळी पुन्हा तेलकट.

एकदा मला बघायला येणार होते. परभणीकडचं स्थळ. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईनं असा काही हात चालवला, की सकाळी नाकावर ही एवढी खपली. त्यावर पावडर थापली, तर खपली आणखी उठून दिसायला लागली. मुलाच्या मावशीनं पोहे खाता खाता विचारलं, "पोरगी कुठं पडली का?" वडील म्हणाले, "सायकलवरून." मला सायकल येत नव्हती. ते स्थळ गेलं. गेलं ते बरंच झालं म्हणा, पण मी तेव्हा मोरीत जाऊन ढसाढसा रडले होते, आणि आई बाहेरून म्हणत होती, "तोंड धू, तोंड धुऊन ये."

तर तो रविवार. संध्याकाळी लेक मोबाइल घेऊन बसली. त्यात एक पोरगी नाकावर टूथपेस्ट आणि खायचा सोडा थापून दाखवत होती, दुसरी नाकावर चिकटपट्टी लावून सर्रकन ओढत होती आणि पट्टीवरचं जे निघालं ते कॅमेऱ्याला दाखवून खूश होत होती. सोललेल्या नाकावर टूथपेस्ट! मी मोबाइल काढून घेतला. म्हटलं, बस्स. उद्या बँकेत रजा, उद्या कोठी भागातल्या त्वचेच्या डॉक्टरकडे. आईनं भाजीच्या ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "मी बी येते."

"तू कशाला? राहिलेलं नाक घासायला?"

"येते म्हणलं ना."

सोमवारी ऑटोत ती पांढरी साडी नेसून मध्ये बसली. पोरीनं तोंडाला मास्क लावला होता. कोठीच्या गर्दीत एका बोळातला जिना चढून गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, इथल्याच, बोलणं अर्धं दखनी, अर्धं तेलुगू. त्यांनी पोरीचा मास्क उतरवला आणि नाक बघितलं. मग विचारलं, "ये किसने करा?"

मी आईकडे बोट केलं. हो, केलं. आई खुर्चीच्या कडेवर, पदर गुडघ्यावर घट्ट धरून बसली होती.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी भिंग लावलेला दिवा ओढला आणि पोरीला समजावून सांगायला लागल्या. त्यांचं बोलणं मी इथं मराठीतच सांगते. त्वचेला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल येतं. या वयात ते जास्त येतं. छिद्रात तेल आणि मेलेली कातडी साचून बूच बसतं. त्या बुचाचं तोंड उघडं राहिलं की त्याला वारा लागतो आणि ते काळं पडतं. "बैंगन काटके रखे तो काला होता ना? वैसाइच." वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून वांगं घाणेरडं असतं का? धूळ नाही, माती नाही, न धुतल्यानं येत नाही आणि घासल्यानं जात नाही. उलट घासलं की कातडी चिडते, पिंपल उठतात, डाग पडतात. आणि वरून खोबरेल लावलं की छिद्रं आणखी बुजतात.

खोबरेल! मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मैल नहीं है ये, बेटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "देखो, मेरे भी हैं." आणि त्यांनी खरंच दिव्याखाली स्वतःचं नाक पुढे केलं. लेक वाकून बघायला लागली. तिच्या मागून माझी आईसुद्धा उठली, चष्मा सारखा करून डॉक्टरीणबाईच्या नाकाजवळ गेली आणि चांगली न्याहाळून आली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आलं असतं.

मग औषधपाणी. आधी जखम भरू द्यायची, तोवर काही म्हणजे काही लावायचं नाही, नुसता साधा सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ, तोही बोटांनी. जखम भरली की रात्री एक जेल, वाटाण्याएवढं, सगळ्या नाकाला मिळून. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, सोलल्यासारखी होईल, तर एक रात्र सोडून लावायचं. तेल नसलेलं मॉइश्चरायझर. दिवसा उन्हाचं क्रीम. केसांना तेल लावलं तर ते कपाळावर, नाकावर उतरू द्यायचं नाही, उशीचा अभ्रा धूत राहायचं. नखानं दाबायचं नाही, पट्टी नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही. फरक पडायला महिना-दोन महिने जातील. आणि पुन्हा येतील, कारण तेल यायचं काही थांबत नाही. "आए तो आए. उसमें शरम काय की?"

पोरगी ऐकत होती, पण तोंडावर विश्वास दिसत नव्हता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचं लक्ष आईकडे गेलं. आई त्यांच्या नाकाशी वाकली होती तेव्हा त्यांनीही आईचं नाक बघितलं असणार.

"अम्मा, आपके नाक पे ये निशान कायके हैं?"

आईच्या नाकावर पांढुरके, चकाकणारे खड्डे आहेत. मी जन्मल्यापासून बघत आले. मला वाटायचं, देवीचे व्रण. तिच्या वयाच्या बायकांना असतात, त्यात विचारायचं काय?

आई म्हणाली, "वाळूचे."

आईला दखनी येते. भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी ती फाडफाड बोलते. पण हे ती मराठीतच बोलली, तेही गावाकडच्या मराठीत, आणि डॉक्टरीणबाईला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी एकेक वाक्य ऐकत होते आणि एकेक वाक्य दखनीत सांगत होते.

ती सातवीत होती. वस्तीवरून सातवीपर्यंत पोचलेली ती एकटी मुलगी. नाकावर हेच ठिपके आले. गुरुजींनी उभं केलं आणि म्हणाले, नदीवर जा, तोंड धुऊन ये, तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही. ती नदीवर गेली. पाण्यानं धुतलं, निघेना. वाळू घेतली. वाळूनं निघेना, तर दगड घेतला. रक्त आलं तसं ते धुऊन टाकलं, आणि ओल्या तोंडानं शाळेत परत आली. गुरुजींनी दारातच बघितलं आणि म्हणाले...

इथं मी अडकले. काय म्हणाले ते मला मराठीत ऐकू आलं होतं. पण ते दखनीत म्हणायला माझी जीभ उचलेना.

आईनंच शेवटी ते दखनीत सांगितलं. "बोले, तुम्हारा मैल नहीं निकलता. घर कू जाओ."

ती घरी गेली. परत शाळेत गेलीच नाही. आम्हाला मात्र तिनं कायम सांगितलं होतं, घरी काम असायचं म्हणून शाळा सुटली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आई आता माझ्याशी बोलत होती, पण बघत होती नातीकडे. "ही शनिवारी आली अन्‌ म्हनली, शाळेत जात न्हाई. मला काय सुचंना. म्हनलं, सोमवारच्या आत निघालं पाहिजे. निघालं की जाईल. माझं निघालं न्हाई, हिचं तरी निघावं."

कोठीहून परत येताना ऑटोत ती मध्येच बसली होती. चौकात सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा तिनं मला विचारलं, "मळ नव्हता तर मग मी इतके दिवस काय घासायली होते गं?"

आईवरचा राग गेला, असं मी म्हणणार नाही. माझं नाक तिनंच सोललं, माझ्या लेकीचंही, आणि नुसतं ऐकून घेतल्यानं ते भरून येत नाही. पण तो राग आता एकट्या तिच्यावर मावत नव्हता. त्या गुरुजींना धरून विचारावंसं वाटत होतं. कुठं विचारणार? मातीला मिळून किती वर्षं झाली असतील मेल्याला. पण त्याचं वाक्य मरत नव्हतं. ते नदीकाठावरून निघून शनिवारी माझ्या पोरीच्या वर्गात येऊन पोचलं होतं, ते नुसतं येतच राहिलं होतं, आणि माझ्या न्हाणीघरात त्याला वजरी मिळाली होती.

मंगळवारी सकाळी मी शाळेत जायला तयार झाले. काय काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, त्यात मुख्याध्यापक, लेखी तक्रार, सगळं होतं. लेक गादीवर पडून. "मम्मी, तू भांडशील. तू भांडलीस की ते आणखी हसतील. मी येत नाही."

आई आली. तयार होती, इस्त्रीची पांढरी साडी. तिनं नातीचा गणवेश पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "ऊठ. मी येते संगट. तुझी आई भांडणार न्हाई."

पोरगी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आजीच्या नाकाकडेच बघत असावी. मग उठली. मास्क हातात घेतला, पुन्हा टेबलावर ठेवला, आणि शेवटी खिशात घातला.

ती बाई शाळेच्या व्हरांड्यातच भेटली. पोरीला बघून लांबूनच म्हणाली, "अय्यो! क्या हुआ बच्ची के नाक को?" बघा! हिला आठवतसुद्धा नव्हतं! नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, माझं न दाबताच उघडलं होतं, पण आईनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाची पकड, पण सुटली नाही.

"मैं घिसी," आई बाईला म्हणाली. "आप मैल बोले, तो मैं घिसी. मैल नहीं था वो. डाक्टर बोली. चमडी का तेल है, सबको आता."

बाई गोंधळली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "अरे अम्मा, मैं तो ऐसेइच बोल दी थी. हँसी में."

"मेरे कू भी ऐसेइच बोले थे," आई म्हणाली. "फिर मैं नहीं गई इस्कूल कू."

आवाज चढला नव्हता. व्हरांड्यातून जाणारी दोन-चार पोरं थांबली होती, त्यांनीही ऐकलं. बाईच्या तोंडाचा रंग उतरला. तिनं हात पोरीच्या खांद्याकडे नेला आणि अर्ध्यातच मागे घेतला. "सॉरी अम्मा," ती म्हणाली. मग पोरीलाही म्हणाली, वेगळं, तिच्याकडे बघून. माझ्या मनातली सगळी तक्रार तशीच राहिली, आणि मला त्याचाही राग आला, खरं सांगते.

घंटा झाली. पोरगी आत वळली. एकदा मागे बघितलं, मग जिना चढून दिसेनाशी झाली.

आई फाटकाबाहेर येऊन गजांना धरून उभी राहिली. रस्त्यावरून बसेस जात होत्या, ऊन चढत होतं. मी म्हटलं, "चल आता, मला बँकेत जायचंय."

"गेली का वर्गात?"

"गेली."

"बसली का?"

"बसली असेल की."

"असेल नको," आई म्हणाली. "बघून ये."

मी फाटकातून परत आत गेले. वॉचमननं अडवलं, त्याला मी असं काही झापलं की तो बाजूलाच झाला. जिना चढून वर्गाच्या खिडकीशी गेले. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली, लाल नाक घेऊन, मास्क न लावता, ती वही उघडत होती.

मी खाली आले. आई गज सोडायला तयार नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बसली," मी म्हणाले.